सुपडूनानांचा डाख

परवा आमच्या गॅसच्या शेगडीचा डावा बर्नर पिवळा जळायला लागला. सूनबाई म्हणाली, "दुरुस्तीवाल्याला बोलावते." मी म्हटलं, "आधी ऐक तरी, काय म्हणतोय तो." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू सासूबाईंचं आता खरंच वय झालं. बर्नरचं म्हणणं ऐकायचं असतं हे तिला कोणी शिकवलेलं नाही, आणि ज्यांनी मला शिकवलं त्यांच्याबद्दल मी घरात फारसं कधी बोललेले नाही. बोलायला लागलं की इंदूचंही सांगावं लागतं.

सुपडूनाना स्टोव्ह दुरुस्त करायचे. शहाद्याहून सारंगखेड्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात मला प्राथमिक शाळेवर पहिली नेमणूक मिळाली होती. जिल्हा तेव्हा धुळे. मी नाशिककडची, वय वर्षं वीस, भाषा पुस्तकातली. गावात उतरले तेव्हा समोर एस.टी.चा थांबा, त्यासमोर भज्यांचं हॉटेल आणि हॉटेलाला खेटून एक पत्र्याची टपरी. टपरीत एक उंच, वाकलेला माणूस पितळी टाकी कानाशी धरून बसलेला. मला वाटलं, वेडा असावा.

महिनाभरात माझाच स्टोव्ह भकाभका पिवळा जळायला लागला, भांडी काळीकुट्ट झाली. शाळेच्या शिपायाबरोबर मी तो टपरीवर पाठवला. शिपाई स्टोव्हसकट परत आला. म्हणाला, "नाना म्हनस, पेटाडस कोन? जी पेटाडस तिले धाड."

जी पेटवते तिनेच यायचं म्हणे. मी तणतणत गेले. मी मास्तरीण, शाळा सोडून याच्या टपरीवर उभी राहू? नानांनी मान वर केली नाही. डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीच्या काठाला दहाबारा स्टोव्हच्या पिना टोचलेल्या होत्या. त्यांनी स्टोव्ह माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "पेटाडा."

मी काकडा स्पिरिटमध्ये बुडवून नळीला लावला, पेटवला, जरा वेळाने काढला आणि पंप मारला. नाना डोळे मिटून ऐकत होते.

"बाई, स्टोव्हले काही व्हयेल नही," ते म्हणाले. "तुम्ही काकडा लवकर काढी लेतस. नळी तपत नही, मंग कच्चं घासलेट वर येस."

स्पिरिट वाचवायची माझी काटकसर अशी भर बाजारात उघडी पडली. पण मग त्यांनी मला शेजारी बसवून बर्नर खोलायला लावला. काजळी कशी ठोकायची, टोपीतली पिन काढून निपलाचं भोक कसं साफ करायचं, पंपाचा चामडी वायसर गोड्या तेलात कसा मऊ करायचा, सगळं माझ्या हाताने करून घेतलं. शेवटी त्याच स्टोव्हवर दोन कप चहा टाकला, एक मला, एक त्यांना. चहा बिनबोभाट झाला, की स्टोव्ह पास. ही त्यांची रीत होती. गावातल्या आणि आसपासच्या पाचसात खेड्यांतल्या स्टोव्ह असलेल्या प्रत्येक बाईने नानांसमोर असा चहा प्यायलेला होता. पुरुषाच्या हाती दुरुस्त स्टोव्ह द्यायचा नाही, म्हणजे नाही. गंमत अशी, की नानांच्या स्वतःच्या घरी चूल होती. त्यांची बायको झेलाबाई म्हणायची, "त्या भूतले घरमा कोन लई?"

मी निघताना त्यांनी स्टोव्ह फडक्याने पुसून दिला आणि म्हणाले, "टाकी जुनी शे. जपीसन वापरा."

माझा स्टोव्ह चार महिन्यांचा होता. मी घाबरून विचारलं, खरंच जुनी आहे का? हॉटेलवाला आतून हसला. नाना हे प्रत्येकीला म्हणायचे. स्टोव्ह काल विकत घेतलेला असो की वीस वर्षांचा, देताना तेच वाक्य, त्याच चालीवर. बाई घाबरली, की जपते, एवढाच त्यातला हिशेब. आम्ही सगळ्या मग ते वाक्य त्यांच्यासारखं मान हलवत एकमेकींना म्हणून दाखवायचो.

माणूस हट्टी होता आणि त्यांचा हट्ट कुठे अडेल ते सांगता यायचं नाही. हॉटेलवाल्याने एकदा जंगलखात्याच्या बंगल्याच्या लिलावातून साहेबाची दोन बर्नरची मोठी शेगडी आणली. गंजलेली, पाय मोडलेले, पण बिडाचं अंग भक्कम. नानांनी पंधरा दिवस खपून ती घासली, पाय जोडले, वायसर बदलले, टाकीला डाख दिला. पेटवली तर उजवा बर्नर निळा आणि डावा मेलेला. नानांनी डावी नळी काढून उजेडात धरली. आत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. एक फुंकर आणि एक तार, काम झालं असतं. नानांनी नळी तशीच फळीवर ठेवली.

"तिन्हं लेकरू शे मझार," ते म्हणाले. "निंघू द्या."

हॉटेलवाला कपाळ बडवून घेत होता. "नाना, मन्हा धंदा बुडी ऱ्हायना!" नानांनी ऐकलं नाही. चांगले दहाबारा दिवस ती नळी फळीवर होती. एक दिवस मातीला बारीक भोक पडलं, माशी उडून गेली, आणि दुपारी भजी दोन्ही बर्नरांवर तळली जायला लागली.

इंदू माझ्याहून दोनतीन वर्षांनी लहान असेल. तापीकाठच्या एका खेड्यातली, माधवआप्पांच्या दुमजली घरात दिलेली. माधवआप्पा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. कापूस, केळी, दाराशी दोन घोडे, पंचायतीत शब्द. इंदू सातवी शिकलेली होती, म्हणून माझ्याकडून मासिकं नेऊन वाचायची. ती स्टोव्ह घेऊन टपरीवर आली त्या दिवशी मी तिथेच होते. टाकीच्या तोंडाशी भेग गेली होती. नानांनी तिथे कथलाचा डाख दिला, कानस मारून गुळगुळीत केला आणि टाकीच्या बुडाला त्यांची नेहमीची खूण, तीन बारीक खाचा, पाडली. इंदूने एका झटक्यात स्टोव्ह पेटवला. निळं फूल वर आलं, आवाज एकसारखा. नाना खूश झाले. मला म्हणाले, "ह्या पोरनं स्टोव्ह ऐकस."

चहा झाला. नानांनी स्टोव्ह पुसला. "टाकी जुनी शे, माय. जपीसन वापरजो."

इंदू खळखळून हसली. "नाना, मन्ही शेजारीननी नवा कोरा स्टोव्ह आनेल व्हता, त्यालेबी तुम्ही जुनाच म्हनात!"

हसणं ओसरलं तरी ती उठेना. कप हातात फिरवत बसली. मग म्हणाली, "नाना, आखो एकडाव पेटाडीसन दखाडा ना." ती घरी जायचं टाळत होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला घरी जाऊन वह्या तपासायच्या होत्या. मी उठून गेले. नानांनी तिला पुन्हा पेटवून दाखवला म्हणे, आणि पुन्हा चहा पाजला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, शाळेची प्रार्थना चालू असताना, वरच्या आळीतून आरडाओरडा ऐकू आला. इंदू जळाली होती. दुपारपर्यंत सगळं संपलं. स्टोव्हचा भडका उडाला, असं आप्पांच्या घरच्यांनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत सारं गाव तेच म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशी जमादार टपरीवर आले. बरोबर माधवआप्पा, आणि भोवती अर्धा बाजार. मीही उभी होते. नाना भिंतीला टेकून बसले होते, चेहरा राखेसारखा.

"हा स्टोव्ह तुम्हीच दुरुस्त केला होता?" जमादारांनी विचारलं.

"हा."

"टाकी जुनी आहे, जपून वापरा, असं तुम्ही मयत बाईस बोललात?"

"हा. बोलनू." नाना थांबले. "पन मी ते सगळासले बोलस, साहेब."

जमादारांनी लिहिलं. वाचून दाखवलं ते असं: सदर स्टोव्हची टाकी जुनी असून तशी ताकीद मी मयत बाईस दिली होती. दुसरं वाक्य लिहिलेलंच नव्हतं. नानांनी विचारलं, "स्टोव्ह देखाले भेटी का?" जमादार म्हणाले, तो जप्त झालाय, पोत्यात बांधून मोहोर लावलीय. मग कागद पुढे आला. आपण बोललो ते खरंच आहे, असं नानांना वाटलं असणार. त्यांनी सही केली. आमच्यापैकी प्रत्येकीला ते वाक्य पाठ होतं. त्या गर्दीत एकीने जरी तोंड उघडलं असतं, की अहो, हे तर ते सगळ्यांनाच म्हणतात, तर लिहिणाऱ्याचा हात थांबला असता का, कोण जाणे. मी मास्तरीण, बोलायची सवय असलेली. मीही उघडलं नाही.

प्रकरण अपघात म्हणून मिटलं. नानांचं मात्र मिटलं नाही. त्यांना पक्कं वाटत होतं, की आपला डाख सुटला. एकदा मी स्टोव्ह घेऊन गेले तर हात मागे घेऊन म्हणाले, "मन्हा डाख सुटना, बाई. मी मारी टाकी तिले." त्यांनी डाखाचं काम बंद केलं. इस्त्र्या, कंदील, कुलपं, काहीही आणा, पण टाकी नको. चहा सोडला. टोपीतल्या पिना काढून डबीत टाकल्या. रस्त्याने जाताना आप्पांचं घर आलं, की नाना पलीकडून, गटाराच्या काठाने जायचे. आणि माधवआप्पा मोठ्या मनाने म्हणायचे, "झालं ते झालं, आम्ही नानांवर राग धरत नाही." मला तेव्हा आप्पा थोर वाटले होते. लाज वाटते, पण वाटले होते.

असं आठनऊ महिने चाललं. मग एका बाजाराच्या दिवशी मोडवाला पोतंभर पितळ घेऊन टपरीवर आला. सुट्या भागांसाठी नाना त्याच्याकडून मोडीतले स्टोव्ह घ्यायचे. त्यांनी एक टाकी उचलली, बूड वर केलं आणि तिथे तीन खाचा दिसल्या. जप्तीतून सुटलेला स्टोव्ह आप्पांच्या घरच्यांनी मोडीत काढला होता. एवढ्या मोठ्या घराला पितळेचे चार पैसे सुटले नाहीत.

शाळा सुटल्यावर शिपाई मला बोलवायला आला. मी गेले तेव्हा नाना स्टोव्ह मांडीवर घेऊन बसले होते.

"बाई, डाख जसाना तसा शे," ते म्हणाले.

मला काही कळेना. त्यांनी माझं बोट धरून टाकीच्या तोंडाशी फिरवलं. गुळगुळीत, कानस मारलेला कथील. मग त्यांनी कथलाचा एक तुकडा घेतला आणि पेटत्या काडीवर धरला. थेंब टपकन खाली पडला.

"भडका उडता ते पहिले हाऊ वितळता." मग त्यांनी पंप खोलला, चामडी वायसर काढून माझ्या तळहातावर ठेवला. तेल लावून बसवलेला, मऊसूत. आगीत तो आक्रसून कोळसा व्हायला हवा होता. टाकीला फूग नाही, झाकण घट्ट, बर्नरवर साधी नेहमीची काजळी. "ह्या स्टोव्हले आग लागेलच नही, बाई. मंग ती पोर कशी पेटनी?"

नऊ महिने ज्या माणसाने स्वतःला खुनी समजून दिवस काढले, त्याला त्या क्षणी हायसं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना. आपल्या हातून मेली असती तर बरं झालं असतं, असं तो चेहरा म्हणत होता.

मी त्यांच्या नावाने अर्ज लिहिला. चांगला दोन पानी, शुद्ध मराठीत, डाखापासून वायसरापर्यंत सगळं. खाली नानांनी सही केली आणि लेखणी माझ्याकडे धरली. "तुम्हनी सही?"

मी म्हटलं, "नाना, माझी नोकरी आहे." पंचायतीत आप्पा, शाळेच्या कमिटीत आप्पा. नानांनी लेखणी खाली ठेवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

अर्जाचं उत्तर एका ओळीत तोंडी आलं: ताकीद दिल्याचं तुम्हीच लिहून दिलंय, आता वेगळं कसं बोलता?

नानांनी मग तो स्टोव्ह दुरुस्त करायला घेतला. इतकं सावकाश काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चिंचेच्या पाण्यात बर्नर उकळला, राखेने टाकी घासली, ठोकर लागून वाकलेले पाय सरळ केले, नव्या पिनेने निपल साफ केलं. डाखाला तेवढा हात लावला नाही. पेटवला तेव्हा आवाज तसाच आला, एकसारखा. त्यांनी त्यावर चहा टाकला आणि कप माझ्यापुढे ठेवला. मी तो न पिताच परत सरकवला. नानांनी त्यांचा कप पूर्ण प्यायला आणि म्हणाले, "पास."

तेव्हापासून तो स्टोव्ह टपरीच्या फळीवर, रस्त्यावरून दिसेल असा, चकचकीत उभा असायचा. येणारा जाणारा विचारायचा, विकायचा आहे का? नाना सांगायचे, "इंदूना शे." आप्पांचा माणूस येऊन म्हणाला, तो तिथून हलवा. नानांनी ऐकलं नाही. महिन्याभरात पंचायतीला थांब्यासमोरची जागा लागायला लागली आणि टपरी उठली. नाना गावाच्या टोकाला, स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसायला लागले. स्टोव्ह तिथेही त्यांच्या शेजारी होता.

पुढच्या लग्नसराईत आप्पांच्या घरात दुसरी सून आली. पार तापीपलीकडून, लांबून. जवळपासच्या गावांतून कोणी दिली नसती, एवढं तरी त्या स्टोव्हने केलं असावं. पण लांबच्यांना कोण सांगणार? आम्ही सगळे त्या लग्नात जेवलो. मीही जेवले. नाना गेले नाहीत.

पावसाळ्यानंतर एका मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, मी नानांच्या ओट्यावर बसले होते. माझी बदली ठरली होती, तीनचार महिन्यांत निघायचं होतं, तेच सांगायला गेले होते. आप्पांचा मुलगा, इंदूचा नवरा होता तोच, स्टोव्ह घेऊन आला. नानांनी त्याच्याकडे न बघता विचारलं, "पेटाडस कोन?" तो चिडला, बडबडला, निघून गेला. तासाभराने नवी सून आली. सतरा-अठरा वर्षांची, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत.

नानांनी तिला शेजारी बसवलं. बर्नर खोलायला लावला, पिन मारायला लावली, चहा करायला लावला. ती घाबरत घाबरत प्यायली. मग स्टोव्ह पुसून तिच्या हाती दिला. मी ते वाक्य यायची वाट पाहत होते. नानांचे ओठ हललेसुद्धा. पण ते उठले, पायांत वहाणा घातल्या आणि म्हणाले, "चाल, माय. मी येस."

भर बाजारातून नाना पुढे, सून मागे, आणि त्यांच्या मागे मी. आप्पांच्या ओट्यावर माणसं बसली होती. नानांनी तिच्याकडून स्टोव्ह घेऊन ओट्याच्या मधोमध ठेवला, पेटवला, आणि आयुष्यात ज्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता ते ओरडून बोलले,

"देखा, सगळा जन! हाऊ स्टोव्ह मी तपासेल शे. टाकी मजबूत शे. डाख मजबूत शे. हाऊ भडकणार नही. आज नही, सकाय नही, कधीच नही. कोनले लिखनं व्हई ते लिखी ल्या!"

रस्ता थांबला होता. माधवआप्पा हसायला गेले, पण त्यांच्याबरोबर कोणी हसलं नाही.

नाना मग दर मंगळवारी जायला लागले. पत्र्याची पेटी घेऊन, बाजार भरलेला असताना, न बोलावता. ओट्यावर स्टोव्ह मागवायचा, पेटवायचा, सुनेच्या हातचा चहा घ्यायचा आणि तेच सगळं पुन्हा ओरडून सांगायचं. लोक म्हणाले, म्हातारा भ्रमिष्ट झाला. झेलाबाई रडायची. आप्पांच्या माणसांनी दोनदा ढकलून दिलं, एकदा पडून हात मोडला, तर पुढच्या मंगळवारी गळ्यात हात बांधून हजर. एका हाताने पंप मारला म्हणे.

मी गाव सोडलं तोही मंगळवार. एस.टी. बाजारातून मुंगीच्या पावलांनी चालली होती. आप्पांच्या घरासमोर बैलगाडी आडवी आली आणि गाडी थांबली. नाना ओट्याच्या पायरीवर उभे होते. टोपीत पुन्हा पिना होत्या. ते ओरडत होते, इंजिनाच्या घरघरीत मला शब्द ऐकू आले नाहीत, पण मान कशी हलत होती ते दिसत होतं. मी खिडकीतून हात केला. त्यांचं लक्ष दाराकडे होतं. थोड्या वेळाने दार उघडलं आणि सून बाहेर आली, हातात कप घेऊन. नानांनी तिला नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग कप घेतला.

गाडी हलली. त्या मंगळवारी ती होती, एवढं मी सांगू शकते.